बाविसावा फोटो

फोटोमावशींना मी खोटं सांगितलं. त्यांनी ते खरं मानलं, ट्रायपॉड लावून त्याचा फोटो काढला, मोठा करून फ्रेममध्ये बसवला आणि भिंतीवर टांगला. घोटाळे माझ्या हातून आयुष्यभर होत आलेत. मॅनेजरचा मेसेज बायकोला गेलाय, बायकोचा मॅनेजरला गेलाय, मंडळाच्या कोजागरीसाठी मी एकदा पौर्णिमा होऊन गेल्यावरचा हॉल बुक केला होता. पण इतक्या निगुतीनं, इतक्या भारी कागदावर छापला गेलेला घोटाळा हा एकच.

फोटोमावशी हे नाव बिल्डिंगमधल्या मुलांनी ठेवलेलं. जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या अकराव्या मजल्यावर राहायच्या, आम्ही चौदाव्या. आमच्या लिफ्टला तेराचं बटणच नाही. तेराव्याचं नाव नको म्हणणारी माणसं आपल्याला नवीन नसतात, त्यामुळे त्याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही. त्या सांगलीच्या. नवरा इथल्या एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये. सतरा वर्षांपूर्वी त्याच्या व्हिसाला जोडून आल्या, तेव्हा त्यांना नोकरी करायची परवानगी नव्हती. दिवसभर घरात करायचं काय म्हणून जुना फिल्मचा कॅमेरा घेतला, एका रोलमध्ये बारा फोटो निघणारा. पुढे परवानगी आली, पण तोवर कॅमेरा सुटण्यापलीकडे गेला होता.

लिफ्टमध्ये भेटल्या की त्या आधी तुमच्या खांद्यामागे बघायच्या. मागे कोणी नसायचं. प्रकाश कुठून पडतोय ते बघतायत हे कळायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी दर वेळी इमानदारीनं मागे वळून बघायचो.

मी इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. बिल्डिंगमध्ये फोटोग्राफर आहे म्हटल्यावर मी त्यांना दिवाळीच्या कार्यक्रमाचा ग्रुप फोटो काढायला बोलावलं. साठ-सत्तर माणसं, पैठण्या, फेटे, रडणारी दोन बाळं. त्या शेवटपर्यंत भिंतीला टेकून चहा पीत उभ्या. सगळे जेवायला आत गेल्यावर त्यांनी हॉलचा एकच फोटो काढला आणि आठवड्यानं मला आणून दिला. रिकाम्या खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर एकेक जाडजूड काळं जॅकेट.

"मावशी, यात माणसं कुठेत?" मी विचारलं.

"जॅकेटं आहेत ना."

"अहो पण कमिटी विचारेल."

"मग सांग, बाहेर किती थंडी होती ते दिसतंय."

कमिटीनं विचारलंच. मी तो फोटो स्मरणिकेत आतल्या पानावर, मसाल्यांच्या जाहिरातीशेजारी, लहान करून टाकला. त्यांनी अंक पाहिला आणि म्हणाल्या, "मसाल्याचा मोठा छान आलाय." राग नाही, टोमणाही नाही. म्हणजे टोमणा असेल, पण तो पोचायलाही मला दोन दिवस लागले.

एकदा कपडे धुवायला खाली तळघरात गेलो असताना त्या मशीनसमोर बसलेल्या दिसल्या. वेळ होता म्हणून मी विचारलं, "तुम्ही नक्की कसले फोटो काढता? म्हणजे आर्ट फोटोग्राफी म्हणजे काय?"

त्या मशीनमधल्या फिरणाऱ्या कपड्यांकडे बघत म्हणाल्या, "सांगलीत गेले की म्हणतात, ही अमेरिकेची. इथं गॅलरीत म्हणतात, इंडियन फोटोग्राफर. सरकारी कागदावर इतकी वर्षं लिहिलेलं होतं, डिपेंडंट. यातली मी कुठली ते बघतेय. अजून फोकस होत नाहीये."

मी मान डोलावली. काही समजलं नाही की मी चांगली मान डोलावतो.

त्यांची आई गेली तेव्हा त्या त्याच तळघरात होत्या. व्हिसाची कागदपत्रं अडकलेली, जाता आलं नाही. सांगलीहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा हातात ओली चादर. तळघरात सिग्नल एकाच कोपऱ्यात येतो, तोही उंचावर. म्हणून त्या प्लास्टिकची कपड्यांची बादली पालथी घालून तिच्यावर चढल्या आणि आईला तिथून निरोप दिला. वर्षभरानं त्यांनी तिथेच ट्रायपॉड लावून स्वतःचा फोटो काढला. तीच बादली, तीच चादर, वर धरलेला फोन, आणि फोनकडे बघणारं तोंड. मालिकेतला तो पहिला फोटो.

मग त्या आमच्यासारख्यांना शोधत सुटल्या. आमच्यासारखे म्हणजे ज्यांनी आईबापांचं शेवटचं दर्शन फोनवर घेतलं. असा कोणी नाही असं आपलं एक तरी घर इथे असेल का, तुम्हीच सांगा. त्या घरी यायच्या, चपला दाराबाहेर काढायच्या, अनवाणी फिरायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या.

"तेव्हा कुठे होतास?"

माणूस सांगायला लागला आणि जरा रंगात आला की हात वर करायच्या. "सजवू नकोस. सांग."

मग ती जागा, ते कपडे, तो दिवा, तीच वेळ. तासभर बसायच्या, चहा प्यायच्या, आणि एक-दोन फोटो काढून निघून जायच्या. हसा म्हणायच्या नाहीत, रडा तर नाहीच. आमच्या मंडळातल्या एका रिटायर्ड डॉक्टर काकू म्हणाल्या होत्या, "मी आयुष्यभर पेशंटला विचारलं कुठे दुखतं. ही बाई कुठे उभ्या होतात एवढंच विचारते, आणि तिथेच दुखतं."

आता माझ्या बाबतीत खरं काय झालं ते तुम्हाला सांगतो. तुम्ही मला लिफ्टमध्ये भेटणार नाही, त्यामुळे सोपं आहे.

माझे वडील कराडला वारले. आमच्याकडे शुक्रवार संपत आला होता. दादाचा फोन आला. माझा व्हिसाचा शिक्का संपलेला, गेलो असतो तर परत यायला अपॉइंटमेंट कधी मिळेल याचा पत्ता नाही. दादाच म्हणाला, "येऊ नकोस. बहीण नागपूरहून निघालीय, ती आली की सात वाजता नेऊ. तुला फोन लावतो." त्यांचे संध्याकाळचे सात म्हणजे आमचे सकाळचे साडेनऊ.

शनिवारी सकाळी मला घरात बसवेना. घर आवरून झालं होतं, चहा तीनदा झाला होता. ईरा, माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. तिला घेऊन दूध आणायला म्हणून बाहेर पडलो. गाडीच्या काचेवर पक्ष्यांनी घाण केलेली. वाटेत कार वॉश दिसला, रांग नव्हती. हातांना काहीतरी काम हवं होतं, एवढंच कारण मी आजवर स्वतःला देऊ शकलोय. मी आत गाडी घातली. तिथल्या माणसानं विचारलं, साधा की डिलक्स. मी डिलक्स म्हणालो.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, तिथे गाडीचं चाक पट्ट्यावर अडकतं आणि पट्टा गाडीला ओढत नेतो. समोर मोठी पाटी. गाडी न्यूट्रलमध्ये टाका, ब्रेकवरून पाय काढा, स्टिअरिंगवरून हात काढा. मी हात काढले आणि फोन वाजला. बहीण लवकर पोचली होती. दादा आणि बाकीचे बाबांना घेऊन नदीवर पोचले होते.

थांबवता येत नाही. उतरता येत नाही. वरून पांढरा फेस पडला, मग गुलाबी, मग निळा, आणि दोन्ही बाजूंनी ते लोंबते कापडी ब्रश येऊन गाडीला थापट्या मारायला लागले. मागच्या सीटवर ईरा टाळ्या वाजवतेय, "बाबा लुक, रेनबो सोप." डॅशबोर्डवरच्या फोनमध्ये दादाचं तोंड, मग बाबांचे पाय, मग चित्र अडकलं. दादाच्या शर्टाची बाही, एवढंच. पुढची तीन मिनिटं मी त्या बाहीकडे बघत होतो. बाहेर पडलो तेव्हा वरून पंखे गाडी वाळवत होते आणि फोनमध्ये धूर होता. दादानं विचारलं, "दिसलं ना रे?" मी म्हणालो, "हो दादा, दिसलं." फडकं घेऊन उभ्या असलेल्या पोऱ्यानं काच पुसली आणि मला अंगठा दाखवला.

घरी आलो. बायकोनं खिडकीतून खाली गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाणी दिलं. 

तर तीन वर्षांनी फोटोमावशी आमच्या सोफ्यावर बसून मला विचारतायत, "तेव्हा कुठे होतास?" आणि मी, मंडळाचा सेक्रेटरी, त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "देवघरापुढे."

एकदा बोललो ते बोललो. मग त्याला आधार लागायला लागले. आंघोळ करून धोतर नेसलं होतं. दिवा लावला होता. वात दक्षिणेकडे केली होती. दक्षिण कशी कळली? फोनवरच्या होकायंत्रावर. हे सगळं मी एका दमात सांगितलं, आणि सांगता सांगता मला ते दिसायलाही लागलं.

आमचं देवघर म्हणजे टॉवेल ठेवायच्या कपाटातला वरचा कप्पा. मावशींनी कपाट उघडून पाहिलं, वर छताकडे पाहिलं.

"दिवा लावलास तेव्हा धुराचा अलार्म वाजला नाही?"

"टोपी घातली होती."

"कुणाला?"

"अलार्मला. शॉवर कॅप. गणपतीत आम्ही घालतो तशी."

"बरं," त्या म्हणाल्या. "धोतर आण. पुढच्या शनिवारी येते."

माझ्याकडे धोतर नव्हतं. सहाव्या मजल्यावरच्या मित्राकडून आणलं, त्याच्या मुलाच्या मुंजीसाठी घेतलेलं, पिशवीतून न काढलेलं. बायको म्हणाली, "तू त्या दिवशी घरात कुठे होतास?"

"अगं, मनानं होतो."

"मग धोतरही मनानंच नेस," ती म्हणाली, आणि मला यात घेऊ नकोस असं सांगून ईराला पोहायला घेऊन गेली.

मावशी आल्या. बराच वेळ कॅमेऱ्यात बघत राहिल्या. "घडी नवीन दिसतेय."

"तेव्हाही नवीनच होतं."

त्यांनी कॅमेऱ्यातून डोळा काढून माझ्याकडे पाहिलं. हीच ती वेळ होती. मी तेव्हा हसून सांगितलं असतं तर त्याही हसल्या असत्या, आणि हा लेख लिहायची वेळ आली नसती. मी हात जोडले. त्यांनी फोटो काढला.

फोटो अप्रतिम आला, हेच तर वाईट झालं. अर्धं उघडं कपाट, वर देव, खाली घडी घातलेले टॉवेल, अलार्मला शॉवर कॅप, आणि मधे पाठमोरा वाकलेला मी. मी दादाला पाठवला, मंडळाच्या ग्रुपवर टाकला. काकूंचे मेसेज आले, एवढ्या लांब राहून केवढे संस्कार. एका काकांनी तो आपल्या मुलाला दाखवला म्हणे, बघ म्हणून. खोटं कशाला बोलू, म्हणजे आता कशाला बोलू, मला ते आवडत होतं. आणखी दोन महिन्यांनी विचारलं असतंत तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी देवघरापुढे होतो.

जुन्या कारखान्याच्या इमारतीत एक छोटी गॅलरी आहे, तिथे त्यांचं प्रदर्शन लागलं. बावीस फोटो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या नावाची अख्खी भिंत मिळत होती. शिवाय एका मोठ्या म्युझियमची बाई दुसऱ्या दिवशी येणार होती. तिनं पसंत केले तर सगळे फोटो तिथे कायमचे जाणार होते. मावशी मला म्हणाल्या होत्या, "ते झालं तर आईला कळवायला हवं होतं असं वाटेल बघ." एवढं एकच वाक्य. पण मी त्यांना पहिल्यांदाच नवी साडी नेसलेली पाहिलं, आणि त्या सारख्या पदराशी चाळा करत होत्या. बाविसावा फोटो माझा, शेवटच्या भिंतीवर एकटा, सगळ्यांत मोठा. आमंत्रणाच्या कार्डावरही मीच, पाठमोरा.

माणसं जमली होती. मी फोटोच्या जरा बाजूला, पण फार लांब नाही, अशा बेतानं उभा होतो. ईरा आता दहा वर्षांची. ती फोटोसमोर आली, मान वाकडी करून बघितलं आणि मला विचारलं, "बाबा, हे आजोबा गेले तेव्हाचं आहे?"

"हो."

"बट यू वर ॲट द कार वॉश. आय वॉज इन द बॅक सीट."

मुलं खोटं पकडायला बोलत नाहीत. त्यांना नुसतं नीट आठवत असतं. मी "हळू" म्हणालो, ते चुकीचं होतं. हळू म्हटल्यावर शेजारच्या तिघांनी वळून पाहिलं, आणि त्यांतल्या एक फोटोमावशी होत्या.

त्या जवळ आल्या. ईराच्या समोर खाली बसल्या, नव्या साडीची पर्वा न करता. "कुठल्या कार वॉशला गं?"

ईरानं सगळं सांगितलं. रेनबो सोप, आजोबांचे पाय, अडकलेला फोन. तिला माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं. आजोबांच्या पायांना कुणीतरी पिवळं लावलं होतं, हे मला आजही आठवत नाही.

मावशी उठल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "साधा घेतलास की डिलक्स?"

"डिलक्स."

त्या हसल्या. आधी हसल्या आणि मग तसंच तोंड ठेवून डोळे पुसले. "अरे, असला फोटो मला जन्मात मिळाला नसता," म्हणाल्या. "आणि तू मला धोतर दाखवलंस."

"तुम्हाला संशय आला नव्हता?"

"आला होता. पण माणूस आपल्या बापाबद्दल बोलत असताना मी उलटतपासणी घेत नाही."

मग त्यांनी दोन्ही हातांनी तो फोटो भिंतीवरून काढला. जड होता. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाल्या, "राहू दे, मला जमतं." फोटो भिंतीला तोंड करून खाली ठेवला. त्या संध्याकाळी लोक येऊन त्या खिळ्याकडेही आदरानं बघून जात होते. गॅलरीत असंच असतं.

दुसऱ्या दिवशी म्युझियमची बाई आली तेव्हा मावशींनी तिला रिकाम्या खिळ्याचं खरं कारण सांगून टाकलं. सांगायची गरज नव्हती. एकवीस फोटो होते, बाविसावा फ्रेमिंगला गेलाय म्हणाल्या असत्या तर चाललं असतं. मी तसं सुचवलंही होतं.  त्या बाईनं साहजिकच विचारलं, बाकीचे एकवीस तरी खरे आहेत ना? मावशी म्हणाल्या, "मला माहीत नाही. विचारून सांगते." ती बाई गोड बोलली, हात मिळवून गेली. पुढे तिनं मेलला उत्तर दिलं नाही.

त्या खरोखर विचारायला गेल्या. पुन्हा प्रत्येकाच्या घरी, पुन्हा चपला बाहेर. आणि तुम्हाला वाटेल मी एकटाच नग, तर तसं नव्हतं. एक जण गंभीर तोंडानं खिडकीशी उभा राहिलेला, तो खरं तर ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज बंद करून बसला होता आणि मधेच त्याला काम कुठवर आलंय याचं स्टेटसही द्यावं लागलं होतं. दुसरी होलसेलच्या दुकानात दह्याचा मोठा डबा कवटाळून रांगेत होती. आणि आमच्या त्या डॉक्टर काकू झोपल्या होत्या. इथं वर्षातून दोनदा घड्याळं तासानं पुढेमागे करतात, तो आठवडा, काकूंचा हिशोब चुकला, जागं होईपर्यंत सगळं आटोपलं होतं. काकूंनी हे चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मावशींनी त्यांचा फोटो काढला. अंथरुणात उठून बसलेल्या काकू, केस विस्कटलेले, हातात चष्मा. मी पाहिलाय तो. त्या फोटोपुढे माझा देवघराचा म्हणजे लग्नाच्या अल्बममधला.

"मावशी, हे तर आधीच्यापेक्षा भारी आहेत," मी म्हणालो.

"हो ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तर म्हणते, शनिवारी येतोस का? कार वॉशला. मी पुढच्या सीटवर बसेन, ईरा मागे. तीन मिनिटांचं तर काम आहे."

मी हो म्हणालो. त्या शनिवारी पाहुणे होते. पुढच्या शनिवारी पाऊस. मावशी म्हणाल्या, "आत काय फरक पडतो पावसानं?" बरोबर होतं. मग माझं अप्रेझल, मग मंडळाची निवडणूक, मग पाठ धरली. पाठ खरंच धरली होती, पण गाडी चालवता येत होती. मी त्याच गाडीनं रोज ऑफिसला जात होतो, न धुता.

खरं सांगायचं तर मला तो फोटो नको होता. काकूंचे मेसेज माझ्या फोनवर अजून होते. दादाकडे देवघराचा फोटो गेलेला. फेसाच्या आत हात मोकळे सोडून बसलेला, बापाच्या चितेऐवजी शर्टाच्या बाहीकडे बघणारा माणूस भिंतीवर टांगला जाणार, आणि त्याखाली माझं नाव. त्यांनी पालथ्या बादलीवर चढलेलं स्वतःचं तोंड सगळ्यांत आधी दाखवलं होतं. माझ्याच्यानं होईना.

मावशी लिफ्टमध्ये भेटल्या की खांद्यामागे बघायच्या. मी मागे वळायचं सोडलं होतं.

मग त्यांच्या नवऱ्याची नोकरी गेली. पत्र आलं त्या दिवसापासून व्हिसाचे साठ दिवस, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे. दुसरी नोकरी लागली तर ठीक, नाहीतर सामान आवरा. लागली नाही. सतरा वर्षांचा संसार लॉबीत मांडला गेला. दिवे, सोफा, पोळपाट, आणि फोटो धुवायच्या तीन चपट्या ताटल्या. त्या घ्यायला कोणी येईना. सगळे विचारत होते, या कुंड्यांखाली ठेवायच्या का.

मी खोकी उचलू लागलो. खोकी मी चांगली उचलतो. एकवीस फोटो त्यांनी आडवे, मधे मऊ कापड घालून भरले होते. बाविसाव्यासाठी रिकामी जागा ठेवली होती, की कापड जास्त झालं होतं, मी विचारलं नाही.

"विमान गुरुवारी आहे," त्या म्हणाल्या. "कॅमेरा मी शेवटी भरणार. बुधवारी सकाळी साडेआठला अर्धा तास देशील?"

"बुधवारी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे हो मावशी."

रिलीज होतं. माझं त्यात काम नव्हतं. मी घरूनच काम करत होतो, चौदाव्या मजल्यावर, त्यांच्या डोक्यावर दोनच मजले.

बुधवारी संध्याकाळी पार्सल आणायला खाली गेलो तर डेस्कवरच्या माणसानं सांगितलं, तुमच्या अकराव्या मजल्यावरच्या लेडी सकाळी इथे बसल्या होत्या, ट्रायपॉड घेऊन. साडेनऊपर्यंत होत्या. त्यानं विचारलं टॅक्सी बोलावू का, तर म्हणाल्या, नाही, राइड येणार आहे. गुरुवारी मी त्यांना विमानतळावर सोडायला निघालो होतो, तर त्या सकाळीच गेल्या होत्या. त्यांनी वेळ दुपारची सांगितली होती की मी दुपारची ऐकली होती, याचा निकाल मी माझ्या बाजूनं लावत नाही.

त्यानंतर मी चार मेसेज पाठवले. सुखरूप पोचलात का, याला उत्तर आलं, हो. बाकीच्या तिन्हींना नाही. अकराव्यावर आता एक तरुण जोडपं आलंय. लिफ्टमध्ये ते फोनकडे बघतात. माझ्या खांद्यामागे काय आहे याची कोणाला पडलेली नाही.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला.

"पिंट्या, तुझ्या त्या बाई येऊन गेल्या," म्हणाला. त्रेचाळिसाव्या वर्षीही मी कराडला पिंट्याच आहे.

"कुठल्या बाई?"

"कॅमेऱ्याच्या. सांगलीहून एसटीनं आल्या. म्हणाल्या, तिकडचे काढून झाले, आता इकडचे काढतेय. ज्यांनी फोन धरला होता त्यांचे. मला विचारलं, तुम्ही कुठं होतात. मग काय, घेऊन गेलो नदीवर. दीड तास उन्हात उभं केलं मला. शर्टसुद्धा तोच घालायला लावला."

"मग काय सांगितलंस?"

"जे झालं ते. डाव्या हातात फोन, उजव्या हातात अग्नी. एका हातात तू होतास, दुसऱ्या हातात बाबा. आणि फोनमध्ये तू दिसलास, मागं सगळा फेसच फेस, आणि ईरा टाळ्या वाजवतेय."

मी खुर्ची ओढून बसलो. "तुला दिसत होतं?"

"सगळ्यांना दिसत होतं. काका म्हणाले, पोरगं आंघोळ करतंय का रे?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू धोतरातला फोटो पाठवलास. म्हटलं असू दे, एवढं नेसलाय तर."

 मग मी विचारलं, जमेल तितक्या सहज आवाजात, की फोटो कसा आलाय, आणि माझ्याबद्दल काही म्हणाल्या का.

"फोटो अजून बघितला नाही. मी म्हटलं त्यांना, पिंट्याला आत्ता व्हिडिओ कॉल लावतो, फोनमध्ये तो दिसेल, म्हणजे अगदी तेव्हासारखं होईल."

"मग?"

"म्हणाल्या, नको. तो आला की फोटो बिघडतो."